डंपरचा रस्ता कोण आखतो?



वर्धा, पैनगंगा आणि इरई या नद्यांच्या काठी ज्यांची वावरे आहेत त्यांना कोळशाच्या खाणीची ओळख करून द्यायला नको. वणी तालुक्यात उकणी, निलजई, मुंगोली, राजुऱ्याकडे सास्ती, चंद्रपूरला लागून दुर्गापूर, पद्मापूर, नागपूर जिल्ह्यात उमरेड आणि गोंडेगाव. या साऱ्या उघड्या खाणी. वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स, ही कोल इंडियाची कंपनी 1975 साली स्थापन झाली. तेव्हापासून या पट्ट्यातली कापसाची आणि ज्वारीची काळी जमीन खाणीखाली जाते आहे.

खाणीच्या प्रश्नावर आपल्या सभांमधून जे बोलले जाते ते दोन गोष्टींवर: जमिनीचा भाव आणि घरटी नोकरी. दोन्ही मागण्या रास्त आहेत. पण त्या ज्याची जमीन गेली त्याच्या आहेत. ज्याची जमीन गेली नाही, धुऱ्यापर्यंत येऊन थांबली, त्याचे काय? त्याला मोबदला नाही, नोकरी नाही. त्याच्या वाट्याला येतो फक्त रस्ता. रात्रंदिवस डंपर धावणारा, पऱ्हाटीवर धूळ उडवणारा, नाल्याच्या तोंडावर भराव घालून पाणी अडवणारा आणि पिढ्यान् पिढ्यांची पांदण मधोमध तोडणारा रस्ता.

हा रस्ता तिथेच का आला, हा प्रश्न आपण कधी विचारलेला नाही. विचारला तर उत्तर मिळते, 'ते टेक्निकल आहे, काँप्युटरने काढले आहे.' हे ऐकले की आपला माणूस गप्प बसतो. या लेखाचा हेतू एवढाच की त्याने यापुढे गप्प बसू नये. त्यासाठी काँप्युटर काय मोजतो आणि काय मोजत नाही ते आधी समजून घेतले पाहिजे.

खाण म्हणजे वाहतुकीचा धंदा

उघडी खाण म्हणजे माती आणि दगड हलवण्याचा कारखाना. कोळशाचा थर खाली असतो. त्याच्या डोक्यावरची काळी माती, मुरूम आणि खडक आधी काढावा लागतो. त्याला खाणवाले 'ओबी' म्हणतात. एक टन कोळसा मिळवायला कित्येक घनमीटर ओबी उचलून दुसरीकडे टाकावी लागते. गावांच्या कडेला जे मातीचे डोंगर उभे राहिले आहेत ते हेच. उघडी खाण चालवण्याच्या खर्चात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या डंपरच्या वाहतुकीचा असतो: डिझेल, टायर, दुरुस्ती, चालक. म्हणून खाणीचा आराखडा करणारा इंजिनिअर सर्वांत जास्त डोके लढवतो ते रस्त्यावर. खाणीच्या तळापासून ओबीच्या ढिगापर्यंत आणि कोळशाच्या साठ्यापर्यंत जाणाऱ्या या रस्त्याला 'हॉल रोड' म्हणतात.

तो कसा आखतात? आपल्याला सवयीचे उदाहरण घेऊ. कापसाची बंडी भरून जिनिंगला न्यायची आहे. एक वाट पांदणीची, जवळची, पण मधे चिखल आणि नाल्याचा चढ. दुसरी सडकेची, लांबची, पण सपाट. बैल थकलेले असतील तर आपण सडक धरतो, जमीन वाळलेली असेल तर पांदण. आपण मनात अंतर, चढ, चिखल आणि वेळ या सगळ्यांना काही किंमत लावतो आणि जी बेरीज कमी येईल ती वाट धरतो. काँप्युटर नेमके हेच करतो. नकाशावर ठिपके मांडायचे, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा काढायच्या, प्रत्येक रेघेवर खर्चाचा आकडा लिहायचा आणि सर्वांत कमी बेरजेची वाट शोधायची. ही वाट शोधण्याची पद्धत डायक्स्ट्रा नावाच्या डच गणितज्ञाने 1959 साली छापली. लर्क्स आणि ग्रॉसमन या दोघांनी 1965 साली खाण कुठवर खोदली तर सर्वाधिक नफा होईल हे काढण्याची रीत दिली. 1980 च्या सुमारास अमेरिकेत न्यू मेक्सिको प्रांतातल्या टायरोन तांब्याच्या खाणीत कोणता डंपर कोणत्या शॉव्हेलकडे पाठवायचा हे काँप्युटर सांगू लागला. आज तशा यंत्रणा कोल इंडियाच्या काही मोठ्या खाणींतही आहेत. जादू कुठेच नाही. आहे ती बेरीज.

बेरजेत काय काय येते

पहिली गोष्ट चढ. भरलेला डंपर उभ्या चढावर चढत नाही, आणि उतरताना ब्रेक धरत नाही. आपल्याकडे साधारण सोळास एक असा चढ धरतात, म्हणजे सोळा मीटर चालले की एक मीटर वर. खाण शंभर मीटर खोल असेल तर वर येण्यासाठी सोळाशे मीटर लांबीचा रस्ता हवा.

दुसरी रुंदी. दोन्ही बाजूंनी वाहतूक असेल तर सर्वांत मोठ्या डंपरच्या किमान तिप्पट रुंदी धरतात. शंभर टनी डंपर सहा मीटरच्या आसपास रुंद असतो. तिप्पट अठरा. शिवाय कडेचा बांध आणि पाण्याची नाली. म्हणजे पंचवीस मीटर धरा. सोळाशे मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद म्हणजे चार हेक्टर, जवळपास दहा एकर. नुसते खाणीतून वर येण्यासाठी! खाणीच्या कडेवर ही जागा काढायची तर खाणीचे तोंडच तेवढे रुंद करावे लागते. खाणीची हद्द आपल्याकडे सरकते त्याचे एक कारण हा रस्ता आहे.

तिसरी गोष्ट रस्त्याचा पोत. चाक जमिनीत जितके रुतेल तितका इंजिनवर ताण. चांगल्या दाबलेल्या रस्त्यावर हा ताण दोन टक्के चढाइतका असतो, चिखलात आठ टक्के आणि त्याहूनही जास्त. रस्ता सहा टक्के चढाचा असेल तर चांगल्या अवस्थेत इंजिनला एकूण आठ टक्के ओढावे लागतात आणि चिखलात चौदा. इंजिनची ताकद तीच, म्हणून जो डंपर चांगल्या रस्त्यावर तासाला चौदा किलोमीटरने चढतो तो चिखलात आठने चढेल. डिझेल तेवढेच जळते, फेऱ्या निम्म्याच्या जवळ येतात.

इथे मी मातीचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट सांगतो. आपली काळी माती पिकाला जितकी चांगली तितकी रस्त्याला वाईट. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. भिजल्यावर तिची भार पेलण्याची शक्ती नावालाच उरते. म्हणून रस्त्यासाठी ती खरवडून काढावी लागते आणि जागी मुरूम-दगड भरावा लागतो. ही खरवडलेली माती वेगळी साठवून पुढे ओबीच्या ढिगावर आणि भरलेल्या खाणीवर पसरणे अपेक्षित असते. ती तशी ठेवली जाते की मुरमाखाली गाडली जाते हे डोळे उघडे ठेवून पाहण्याचे काम आपले आहे. एकदा गाडलेली काळी माती कोणत्याही खताने परत येत नाही.

शून्य नावाचा आकडा

आता मुद्द्याची गोष्ट. चढ, रुंदी, डिझेल, टायर, वळण, फेरीचा वेळ, शॉव्हेलपाशी रांगेत गेलेली मिनिटे, हे सगळे बेरजेत आहे. आता विचारा, पऱ्हाटीच्या पानावर बसलेल्या धुळीचा आकडा किती? शून्य. नाल्याचे पाणी अडून सडलेल्या ज्वारीचा? शून्य. पांदण तुटल्यामुळे बंडीला पडणाऱ्या तीन मैलांच्या फेऱ्याचा? शून्य. जे मोजले नाही ते त्या काँप्युटरच्या दृष्टीने फुकट आहे. आणि जे फुकट आहे ते भरपूर वापरले जाते, हा अर्थशास्त्राचा नियम आहे. कंपनीचा इंजिनिअर दुष्ट आहे असे मी म्हणत नाही. त्याला कमीत कमी खर्चाचा रस्ता काढायला सांगितले आणि त्याने तो काढला. फक्त आपल्या नावाचा रकाना त्याला कुणी दिलाच नाही.

हे नुकसान काल्पनिक नाही. पानावर धूळ बसली की सूर्यप्रकाश कमी पोहोचतो आणि पानाची सूक्ष्म छिद्रे बुजतात. धुळीच्या कडेच्या ओळींत लाल कोळी जोर करतो, कारण त्याला खाणारे मित्रकीटक धुळीत टिकत नाहीत. बोंड फुटल्यावर कापसावर काळी भुकटी बसली की बाजारात व्यापारी पहिली मूठ उचलतो आणि भाव पाडतो. ज्वारीचा कडबा धुळीने भरला की बैल तोंड फिरवतो. भरावामुळे पाणी तुंबले की काळ्या जमिनीत पऱ्हाटीच्या मुळ्या गुदमरतात आणि झाड लाल पडते. हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही पाहिले आहे. पण कागदावर लिहिलेले नाही.

हिशेब करून पाहू

समजा एका खाणीपुढे दोन रस्ते आहेत. पहिला गावाच्या नाल्याला लागून, दुसरा खाणीच्या स्वतःच्या हद्दीतून थोडा वळसा घेऊन. वळशामुळे प्रत्येक फेरीला वीस रुपये जादा पडतात असे धरू. दिवसाला दोनशे फेऱ्या, वर्षाला तीनशे दिवस. जादा खर्च बारा लाख रुपये. काँप्युटर म्हणेल, पहिला रस्ता बरोबर. बारा लाख वाचले.

आता गावाची बाजू मांडू. धुळीच्या पट्ट्यात दीडशे एकर, एकरी सहा हजारांचे नुकसान: नऊ लाख. पाणी तुंबणारे चाळीस एकर, एकरी पंधरा हजार: सहा लाख. एकूण पंधरा लाख. दोन्ही बाजू मिळून पाहिले तर बारा लाख वाचवण्यासाठी पंधरा लाखांची नासाडी केली. हा रस्ता चुकीचा आहे. देशाच्या हिशेबानेही चुकीचा.

पण वळशाचा खर्च फेरीला वीस नव्हे तर शंभर रुपये असेल तर? मग जादा खर्च साठ लाख. आता पहिलाच रस्ता स्वस्त ठरतो आणि आपण तो हलवा म्हणून हट्ट धरला तर तो हट्टच ठरेल. इथे आपण खरे बोलले पाहिजे. रस्ता राहू द्या. पण मग त्या साठ लाखांच्या बचतीतून आमचे पंधरा लाख आमच्या हातात ठेवा. देऊनही कंपनीकडे पंचेचाळीस लाख उरतात. एवढी बचत होत असताना पंधरा लाख द्यायला नकार का? कारण ते मागणाऱ्याकडे आकडा नाही आणि देणाऱ्याच्या बेरजेत रकाना नाही.

तिसरीही वाट असते आणि बहुधा तीच सर्वांत शहाणपणाची. नाल्यावर पुरेशा मोरीचा नळ टाकला, रस्त्यावर दिवसातून ठरल्या वेळी पाणी मारले, कडेला नाली काढली आणि दाट झाडांची रांग लावली तर नुकसानच घटते. यात कंपनीचाही फायदा आहे, कारण निचरा झालेला आणि दाबून नीट ठेवलेला रस्ता डंपरचे डिझेल आणि टायर वाचवतो. चांगल्या रस्त्याच्या बाबतीत शेतकरी आणि डंपरवाला एकाच बाजूला आहेत. हे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत; तुमच्या गावचे आकडे वेगळे निघतील. रीत मात्र हीच राहील.

दोन आक्षेप

आपल्यातलेच काही जण म्हणतात, खाणच नको म्हणायचे सोडून त्यांच्या रस्त्याची गणिते कशाला शिकायची? ज्या गावाला खाण नको असेल त्याने तसे जरूर म्हणावे आणि लढावे. पण 1957 च्या कोळसाधारी क्षेत्र अधिग्रहण कायद्याने सरकारला किती मोठा हात दिला आहे ते ज्यांनी भोगले ते जाणतात. कलम 7 ची अधिसूचना निघाली की हरकतीला तीस दिवस. पुढे कलम 9 ची घोषणा झाली की जमीन सरकारची होते. 2015 पासून मोबदला 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या हिशेबाने मिळू लागला, ही मोठी गोष्ट झाली. पण तोही जमीन गेलेल्यालाच. खाण आलेलीच आहे आणि पंचवीस-तीस वर्षे राहणार आहे, अशा शेकडो गावांना 'खाण नको' या घोषणेने काय मिळेल?

दुसरा आक्षेप कंपनीकडून येतो. प्रदूषणाच्या आणि विकासाच्या नावाने आम्ही पैसे भरतोच की! बरोबर आहे. खनिज कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. त्यात खाणवाले रॉयल्टीच्या हिशेबाने रक्कम भरतात. पण त्या पैशातून गावाला सभागृह मिळाले म्हणून धुऱ्यावरच्या शेतकऱ्याच्या कापसाचा पडलेला भाव भरून निघत नाही. ज्याचे नुकसान त्याला भरपाई, हा साधा न्याय आहे. ती काही मदत किंवा अनुदान नाही. आणि दुसरे असे की, निधीत भरलेली रक्कम रस्ता कुठून गेला यावर ठरत नाही. म्हणून ती रक्कम भरूनही रस्ता आखणाऱ्याच्या बेरजेत आपला आकडा शून्यच राहतो.

खाणीबाहेरच्या वाहतुकीलाही हेच लागू आहे. कोळसा टिप्परने सार्वजनिक सडकेवरून सायडिंगपर्यंत किंवा वीजकेंद्रापर्यंत नेतात तेव्हा सडकेची मोडतोड, अपघात आणि धूळ कोणाच्याच वहीत नसते. कोल इंडियाने कोळसा पट्ट्यावरून थेट रेल्वेच्या डब्यात भरण्याच्या योजना 2019 च्या आसपास हाती घेतल्या. कोराडी-खापरखेडा वीजकेंद्रांसाठी पाईप कन्व्हेयरचे काम झाले. म्हणजे रस्ता हा एकच पर्याय नाही हे त्यांनाही मान्य आहे. टिप्परचा खरा खर्च मांडला तर पट्टा महाग आहे असे म्हणायची सोय उरणार नाही.

आपण काय मागायचे

पर्यावरण मंजुरीसाठी 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते. तीस दिवस आधी जाहिरात द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत मिळतो आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत पाहता येतो. सुनावणीत उपस्थित झालेले मुद्दे शेवटी लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे लागतात. आजवर आपण या सुनावणीला गर्दी केली, घोषणा दिल्या आणि परत आलो. यापुढे लेखी निवेदन घेऊन जायचे, त्यात पुढील मागण्या लिहायच्या आणि वाचून दाखवताना त्या आल्या की नाही हे तिथेच तपासायचे.

एक, हॉल रोडचे किमान तीन पर्यायी मार्ग गटनंबरासह नकाशावर दाखवा आणि निवडलेला मार्ग का निवडला त्याचा हिशेब द्या. दोन, त्या हिशेबात धूळ, पाणी तुंबणे आणि तुटलेली पांदण यांचे स्वतंत्र रकाने ठेवा. तीन, पावसाळ्याआधी प्रत्येक नाल्यावरील मोरी गावकऱ्यांसमक्ष तपासा. चार, तुटलेल्या प्रत्येक पांदणीला बंडी आणि ट्रॅक्टर जाईल असा ओलांडा द्या. पाच, पाणी मारण्याची नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवा. सहा, टिप्परवर जीपीएस असते. कोणती गाडी किती फेऱ्या कोणत्या रस्त्याने गेली ही नोंद गावाला द्या. सात, धुऱ्यावरच्या शेतकऱ्याला दर हंगामात पंचनामा करून भरपाई द्या.

आणि आपण काय करायचे

मागणीच्या पाठीशी आकडा नसेल तर ती गाऱ्हाणे ठरते. म्हणून या हंगामापासून रस्त्याला लागून असलेल्या प्रत्येक गावाने एक वही घालावी. पाणी किती तारखेला तुंबले, कोणत्या गटात, किती दिवस. पांदण किती दिवस बंद. वेचणीच्या वेळी रस्त्याकडच्या पहिल्या पाच ओळींचा कापूस वेगळा वेचा आणि शेताच्या पार आतल्या पाच ओळींचा वेगळा. बी एकच, खत एकच, पेरणी एकाच दिवसाची. दोन्हींचे वजन करा, दोन्ही गाठोडी एकाच व्यापाऱ्याला दाखवा आणि दोन्ही भाव पावतीवर लिहून घ्या. ज्वारीच्या कणसांचेही तसेच करा. दहा गावांतल्या पन्नास शेतकऱ्यांनी दोन हंगाम हे केले तर कृषी विद्यापीठालाही तो आकडा नाकारता येणार नाही. हे काम शाळेत शिकणारी आपली मुलेमुली आपल्यापेक्षा चांगले करतील. वही त्यांच्या हातात द्या.

जिल्हा बैठकीला येताना ज्या गावांना हॉल रोड किंवा टिप्परची सडक लागते त्यांनी गटनंबर आणि शेतकऱ्यांची नावे घेऊन यावे. वह्या तिथेच वाटू, आणि कोणत्या गावात कोण वजनाला उभा राहील तेही तिथेच ठरवू. रस्ता आखणाऱ्याने आपल्या नावापुढे शून्य लिहिले, कारण दुसरा आकडा त्याला कुणी सांगितला नव्हता. तो सांगायला आता वेचणीपासून सुरुवात करायची आहे.